परातीबाहेर पडलेला फासा

जिन्यात मंगेश फोनवर कुणाला तरी सांगत होता, “नितीननेच केली बेईमानी. एकट्याने. रुबीनासाठी. आणि वर म्हणे, काकूंना चष्म्याशिवाय दिसलंच नाही—” तेवढ्यात मी दिसले. “काय काकू, जेवलात?” सकाळचे दहा वाजले होते.

पॉवरलूमच्या कारखान्याशेजारच्या घरात कितीही झाडा, कापसाचं तूस साचतंच. आमच्या शेजारच्या खेळाचे किस्से तसेच.

शेजारचा नितीन गोडाऊनच्या गेटवर सुपरवायझर. पास नाही तर ट्रक बाहेर नाही. रविवारी दुपारी त्याच्या घरी हा खेळ चालतो. तो गोष्ट सांगतो, मंगेश त्यातला योद्धा, रुबीना वैद्यीण. एखादी गोष्ट जमली की फसली, ते वीस बाजूंचा फासा ठरवतो. मी चहा घेऊन जाते, म्हणजे बसायला कारण मिळतं.

*

एकदा मंगेशचा योद्धा स्वतःच्या घरी परतला.

“कुलूप उघडतो.”

“फासा टाक,” नितीन म्हणाला. एक पडला. “नाही उघडलं.”

“अरे, माझं घर, माझी किल्ली.”

“नियमांच्या पुस्तकात कुलपाला फासा लागतो. किल्लीचं काही लिहिलेलं नाही.”

योद्धा ओट्यावर झोपला.

*

मग योद्धा आणि वैद्यीण, दोघांना खाडी ओलांडायची होती. फाशावर वीस पडले. नितीन म्हणाला, होडी पार. मी अंजूरची, खाडीकाठची. गप्प कशी बसणार?

“पाणी भरतीचं हाय का ओहोटीचं?”

नितीन पुस्तक चाळू लागला.

“त्यात न्हाय सापडायचं. ओहोटीला होडी चिखलात रुतते. मग तुझे वीस काय मागून ढकलणार?”

नितीनने पुस्तक मिटलं आणि दोघांना गुडघाभर चिखलातून चालवलं. मंगेश आठवडाभर माझ्याशी बोलला नाही.

*

तेव्हापासून नितीनला स्वतःच्या डोक्याने निकाल द्यायची चटक लागली. एकदा पुलावर राक्षस उभा होता. मंगेशने विचारलं, “याची ड्युटी कधी सुटते?”

नितीनने घड्याळाकडे बघितलं. शेवटी गोडाऊनचा माणूस. “सातला.”

दोघं झाडीत बसून राहिले. सातला राक्षस गेला. दुसऱ्या शिफ्टचा आला, त्याच्या दुप्पट, हातात डबा.

रुबीना वैतागली. “नितीनभाई, तुमच्या मनात येईल तेच होणार असेल तर मी जिंकले काय, हरले काय? मजाच गेली.”

मग ठरलं. जीवावरचा फासा सगळ्यांसमोर, परातीत टाकायचा. पडेल ते खरं, घरंगळून जमिनीवर गेला तरी. आणि मेलेलं माणूस परत यायचं नाही.

*

गेल्या रविवारी रुबीनाची वैद्यीण अजगराच्या विळख्यात सापडली. दोन वर्षं जपलेली बाई. दहा किंवा वर पडले तरच वाचणार.

रुबीनाने फासा असा टाकला की परातीवर आपटून उडाला आणि कपाटाच्या कडेखाली, माझ्या पायाशी जाऊन थांबला.

“काकू, हात लावू नका,” मंगेश ओरडला. “किती आहेत?”

तीन होते. रुबीनाने डोळे घट्ट मिटले होते, ओढणी तोंडात धरली होती.

“सतरा,” मी म्हटलं.

“काकूंचा चष्मा कुठाय? नितीन, तू बघ.”

नितीन उठला. वाकून कपाटाखाली बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. फासा उचलून मुठीत धरला.

“सतराच,” तो म्हणाला. “चहा घ्या, गार होतोय.”