जुनी फाइल काढून टाका

सूचना द्यायची असेल तर ती क्रमवार द्यावी, आकडे घालावेत आणि एका वाक्यात एकच क्रिया सांगावी, असे मी आयुष्यभर मानत आलो. आज ज्या सूचनेविषयी लिहितो आहे ती अशीच नेमकी होती. तिच्यात तीन कलमे होती. तिने एका बाईच्या हातची नोकरी घालवली.

निवृत्तीनंतर मी डिंगोऱ्याहून घोडेगावला जाऊ लागलो. तिथल्या एका लहान प्रशिक्षण केंद्राला ऑपरेटिंग सिस्टिम शिकवणारा माणूस मिळत नव्हता. शाळेत गणिताबरोबर संगणकाची खोलीही माझ्याकडेच असे, म्हणून मी होकार दिला. वर्गात आठ जण होते. एक जण दुधाची गाडी चालवणारा, दोघे दुकानांत काम करणारे, आणि एक तळेघरच्या पलीकडच्या वाडीवरून येणारी विवाहित बाई. वाडीपासून तळेघरपर्यंत ती चालत येई आणि तिथून एसटीने. घरी भात आणि नाचणीची शेती होती, दोन मुले होती. नवरा आळेफाट्याला गॅरेजमध्ये होता. त्याने वापरून टाकलेल्या लॅपटॉपवर ती सराव करी.

केंद्रात प्रयोगशाळा सहायकाची एक जागा भरायची होती आणि ती याच वर्गातून, शेवटच्या परीक्षेवरून भरणार होते. वयाच्या अटीप्रमाणे तिला ही शेवटची संधी होती. ती गोष्ट तिने मला पहिल्याच दिवशी सांगितली, अर्ज भरताना जन्मतारीख सांगावी इतक्या सहज.

ऑपरेटिंग सिस्टिम शिकायची तर बिघडवायला एक यंत्र हवे. म्हणून संगणकाच्या आतच दुसरा, आभासी संगणक चालवतात. त्याची संपूर्ण हार्ड डिस्क म्हणजे एकच मोठी फाइल असते. तिला डिस्क इमेज म्हणतात. डोंगरातल्या नेटवर्कवर एवढी फाइल उतरवणे अशक्य होते. म्हणून मी एक मूळ इमेज तयार केली, तीत लिनक्स बसवले आणि पेनड्राइव्हने ती आठही जणांना वाटली. प्रत्येकाने केलेले काम मात्र मूळ इमेजमध्ये लिहिले जात नसे. ते एका वेगळ्या, लहान फाइलमध्ये साठे. जागा वाचावी म्हणून ही व्यवस्था.

भूगोलाच्या तासाला नकाशावर ट्रेसिंग पेपर ठेवून आपण नद्या काढतो, त्यातलाच हा प्रकार. कागदावर नुसत्या निळ्या रेघा असतात, त्यांना अर्थ येतो तो खालच्या नकाशामुळे. खाली दुसरा नकाशा सरकवला तर नद्या डोंगरमाथ्यावरून वाहू लागतात. हे मी पहिल्या तासाला फळ्यावर काढून दाखवले होते. म्हणजे मला ते ठाऊक नव्हते, असे म्हणायची सोय नाही.

मूळ इमेजमध्ये माझ्याकडून एक उणीव राहिली होती. तिचे घड्याळ साडेपाच तास मागे होते. वर्गात त्यावरून थट्टा चाले.

"सर, आमच्या मशीनमध्ये अजून कोंबडा आरवला न्हाई," दूधगाडीवाला म्हणे.

"तुझ्यासाठी बरंय की," ती बाई म्हणे, "उशिरा आलास तरी येळेवर."

ज्याने त्याने आपापल्या मशीनमध्ये एक आज्ञा दिली असती तर घड्याळ सुधारले असते. पण चूक मुळात आहे तर मुळातच दुरुस्त व्हावी, हा माझा फळ्यावरचा स्वभाव. परीक्षेच्या आधीच्या आठवड्यात मी मूळ इमेज उघडली आणि घड्याळ सुधारले. ती उघडताच लिनक्सने आपणहून नवे बदलही उतरवून घेतले. फाइलचे नाव मी जुनेच ठेवले, कोणाला काही बदलावे लागू नये म्हणून. सात पेनड्राइव्ह वर्गात दिले. त्या दिवशी ती आली नव्हती, म्हणून तिचा तळेघरच्या बसच्या कंडक्टरबरोबर पाठवला. संध्याकाळी सर्वांना संदेश लिहिला. एक, जुनी फाइल काढून टाका. दोन, नवी त्याच जागी ठेवा. तीन, सुरू करताना मशीनने दुरुस्तीची परवानगी मागितल्यास 'हो' म्हणा. वीज गेल्यावर हा प्रश्न नेहमी येई आणि विद्यार्थी गोंधळत, म्हणून तिसरे कलम.

सोमवारी ती सर्वांच्या आधी आली होती. लॅपटॉप मांडीवर उघडा होता.

"सर, मशीन सुरूच होईना. लई प्रश्न इचारले तिनं. मी समद्यांना हो म्हणलं."

मी पडद्याकडे पाहिले. तीन महिन्यांच्या तिच्या कामाच्या जागी नुसते क्रमांक होते. एक फाइल उघडली, आत भलत्याच फाइलचे तुकडे निघाले. मी चष्मा पुसला आणि दुसरी उघडली. ती तशीच. नाव जुनेच ठेवून मी तिच्या ट्रेसिंग पेपरखाली दुसराच नकाशा सरकवला होता.

बाकीचे आले. त्यांच्या मशीन्स ठणठणीत होत्या.

"नवी इमेज घातली नाही का कोणी?" मी विचारले.

"कसली सर?" दूधगाडीवाला म्हणाला. "मेसेज वाचलाच न्हाई. पावण्यांत लग्न व्हतं."

"मी वाचला, पण म्हणलं परीक्षा झाल्यावर बघू," दुसरा म्हणाला.

"राव, ह्यांच्या आळसाला हार घाला आज," मागून कोणी तरी म्हणाले आणि सगळे हसले. मग त्यांनी तिच्याकडे पाहिले आणि थांबले.

दूधगाडीवाल्याकडून मी जुनी इमेज घेतली आणि तिच्या फाइलखाली ठेवली. एवढ्याने काम परत आले असते. पण दुरुस्तीच्या नावाखाली यंत्राने तिच्या फाइलमध्येच नव्या मुळाप्रमाणे फेरफार करून ठेवले होते. पहिल्या कलमाने झालेले नुकसान भरून निघण्यासारखे होते. तिसऱ्याने ते कायमचे केले.

तिच्या कामाची दुसरी प्रत नव्हती. प्रत ठेवण्याचा पाठ माझ्या नियोजनात शेवटून दुसरा होता, आणि मी क्रम मोडत नाही.

"चार दिवस हायत," ती म्हणाली. "परत करते."

चारही दिवस ती पहिल्या बसने येऊन शेवटच्या बसने गेली. तिने निम्म्याहून अधिक काम पुन्हा उभे केले, आणि ते पहिल्यापेक्षा नीटस होते. पण परीक्षक तीन महिन्यांच्या नोंदी पाहणार होते. तिच्या मशीनमध्ये सगळे काम चार दिवसांतले दिसत होते. मी बाहेरच्या परीक्षकांना बाजूला घेऊन सारे सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले.

"सर, मला मशीन तपासायला बोलावलंय," ते म्हणाले, "हकिगत तपासायला नाही."

जागा दूधगाडीवाल्याला मिळाली. तो हुशार आहे, त्याच्याविषयी माझी तक्रार नाही. वयाची अट शिथिल करावी म्हणून मी केंद्राला दोन अर्ज केले. दोन्हींना नकार आला.

त्यानंतर मी तिच्या वाडीवर गेलो. ती अंगणात नाचणी पाखडत होती. सासूबाईंनी घोंगडी अंथरली आणि पाण्याचा तांब्या पुढे केला.

"बसा मास्तर. आमची सून त्या डब्यात काय पेरती ते मला कधी दिसलं न्हाई," त्या म्हणाल्या. "पण आता डबा बंदच असतो तर घर सुनं वाटतंय."

ती सूप खाली ठेवून समोर बसली. थोडा वेळ मुलांच्या शाळेविषयी बोललो. मग ती म्हणाली, "सर, एक सांगू? जुनी काढायच्या आधी नवी चालती का बघावं, असं माझ्या मनात आलं व्हतं. हात थांबला व्हता माझा."

"मग विचारलं का नाहीत, ताई?"

"फोन हातात घेतला व्हता. पण तुमी वर्गात म्हणता ना, आधी पूर्ण सूचना वाचा, मग शंका काढा. तिन्ही कलमं वाचली. शंकेला जागाच न्हवती त्यात."

माझ्या अक्षरासारख्याच माझ्या सूचनाही लोकांना आवडत. इतकी वर्षे मी वर्गातल्या शांततेला समज मानत आलो होतो. त्या शांततेत किती हात असे थांबले असतील आणि मग पुढे सरकले असतील, याचा हिशोब आता कोण देणार?

"माझं चुकलं, ताई," मी म्हणालो.

"हां," ती म्हणाली. "चुकलं."

ती 'असू द्या' म्हणेल, अशी माझी नकळत अपेक्षा होती. ती तसे म्हणाली नाही. सूप उचलून ती पुन्हा पाखडू लागली. कोंडा वाऱ्याबरोबर कुंपणाकडे जात होता. परतीच्या बसला दीड तास होता. सासूबाईंनी आत चहा ठेवला होता. तो येईपर्यंत मी घोंगडीवर बसून राहिलो.