एदुविहेसचं नाक

मेक्सिकोतल्या आरांदास गावच्या आमच्या दारूच्या भट्टीत पांढरी टकिला ओकच्या पिंपांत तीनेक आठवडेच ठेवतात. लाकडाचा नुसता हात फिरला पाहिजे. जास्त राहिली तर अगावेचा, म्हणजे ज्या घायपातीपासून ती बनते तिचा, गोडवा झाकला जातो. ती नेमकी कधी काढायची, हे एदुविहेस वास घेऊन ठरवायची. सव्वीस वर्षं तिचाच शब्द शेवटचा.

त्या मार्चमध्ये तिला ताप आला. बरी होऊन कामावर आली. एकदा जेवणाच्या सुट्टीत तिच्या पाठीमागे तव्यावर मक्याची तोर्तिया करपून कोळसा झाली, तरी तिला पत्ता नाही.

"नाक घरी विसरलीस का गं?" मी हसले.

तिचा चेहरा उतरला. "एर्मिला, कुणाला बोलू नकोस. मला कसलाच वास येत नाही. कांद्याचा नाही, साबणाचा नाही."

"मालकांना सांग की."

"आणि मग? तुझ्यासारख्या बाटल्या धुऊ?"

मला लागलं. तरी मी कुणाला सांगितलं नाही.

पिंपं भरल्यापासून अठराव्या दिवशी अबुंदिओ मालकांनी नऊ पिंपांचे नऊ पेले तिच्यापुढे मांडले. तिनं एकेक नाकाशी नेला, डोळे मिटले, अगदी नेहमीसारखं. घाम मला फुटला होता.

"अजून चार दिवस," ती म्हणाली. मालक मान डोलावून गेले.

त्यात उन्हाळा असा तापला की पिंपांना हात लावला तरी कोमट लागायची, आणि उष्णतेनं लाकूड दारूत लवकर उतरतं. रोज सकाळी ती पेला उजेडात धरून मला विचारायची, "पिवळी दिसते का गं?"

"मला काय कळतंय त्यातलं, बाई!"

तिसऱ्या दिवशी तिला राहवलं नाही. मला दंडाला धरून ती मालकांच्या खोलीत शिरली.

"मालक, त्या दिवशी मी अंदाजानं बोलले. महिनाभर मला वासच येत नाही."

मालक उठले ते थेट पिंपांकडे. स्वतः चाखून दुपारपर्यंत सात पिंपं रिकामी करवली. दोन हातची गेली होती. त्यांत नुसतं लाकूड लागत होतं. वर्षभर मुरलेल्या टकिलाला लाकडाची चव चालते, म्हणून ती तशीच मुरवायला ठेवली.

"आजारी पडलीस, त्याचं काही नाही," ते म्हणाले. "मला अंधारात ठेवलंस, ते लागलं."

तिला काढलं नाही. आता वास त्यांची सून पास्तोरा घेते. एदुविहेस शेजारी बसून विचारते, "आधी काय येतं, लाकूड की अगावे?" आणि उत्तर येईपर्यंत ॲप्रनचं टोक पिळत राहते.

गेल्या आठवड्यात मोठ्या चुलाणाजवळ तिला वास आला म्हणे, जळक्या रबरासारखा. तिथं तर गोड वासाचे अगावे शिजत होते. तरी, निदान काहीतरी येतंय म्हणून, दिवसभरात ती दहादा जाऊन तिथं उभी राहिली.