अक्रोडात बुडवलेला कोट

एनॉक ग्रॅग आयुष्यात फार चालला. इतका, की म्हातारपणी कुणी "चल, जरा फिरून येऊ" म्हटलं तर तो "मी आलोय फिरून" म्हणायचा आणि खुर्चीतून हलायचा नाही. पण ही गोष्ट त्याच्या म्हातारपणाची नव्हे. तेव्हा तो चौतीस वर्षांचा होता, साल होतं १८६५, अमेरिकेतली उत्तर-दक्षिण लढाई संपून आठ महिने झाले होते आणि तो मिझुरी नदीकडून उत्तर कॅरोलायनातल्या आपल्या डोंगराकडे निघाला होता. थोडं बोटीने, थोडं मालगाडीने, बाकी सगळं पायांनी.

घर एका दिवसाच्या अंतरावर आलं तेव्हा तो ओढ्याकाठी थांबला. अंगात कोट निळा होता. उत्तरेच्या सरकारचा, जाड लोकरीचा, पितळी बटणांचा. आणि दक्षिणेच्या बाजूने लढलेल्या त्याच्या खोऱ्यात निळा कोट घालून जाणं म्हणजे आपल्या हाताने आपलं घर पेटवणं. अक्षरशः. हार्लन टिप्टन नावाचा एक जण उन्हाळ्यात तसा परतला होता. तिसऱ्या दिवशी त्याचं धान्याचं कोठार जळलं आणि आठवड्याच्या आत तो बायको-पोरांसकट डोंगरापलीकडे चालता झाला. ही बातमी एनॉकला वाटेतल्या फेरीवाल्याने सांगितली होती, चवीचवीने.

एनॉकने बटणं तोडून ओढ्यात भिरकावली. पडलेल्या अक्रोडांच्या काळ्या साली गोळा केल्या, एका विधवेकडून कढई मागून आणली आणि कोट उकळायला ठेवला. खोऱ्यातल्या बायका दक्षिणेच्या साऱ्या फौजेचे कपडे याच सालींत तपकिरी करायच्या. ते त्याने जन्मभर पाहिलं होतं. म्हणजे पुरुष पाहतात तसं, जेवण कधी होतंय याची वाट बघत. कढईत आधी काय पडतं, कुठल्या कापडावर कुठला रंग चढतो, याची चौकशी तिथल्या एकाही पुरुषाने कधी केली नव्हती. कोट वाळल्यावर त्याला तो चांगला तपकिरी वाटला. लाकडी खुंट्यांची बटणं लावून तो घरी गेला.

ड्रुसिला, त्याची बायको, दारात उभी राहून नुसती बघत राहिली. मग म्हणाली, "दाढी काढ आधी. पोरी भितील." एवढं बोलून तिने त्याच्या छातीवर डोकं टेकलं आणि बराच वेळ काढलं नाही.

जेवताना ती म्हणाली, "आता कुठं जायचं नाही."

"नाही."

"टिप्टनच्या बायकोला जाताना पाहिलंय मी. मला नाही जमायचं ते. तुला सांगून ठेवते."

एनॉकलाही जमणार नव्हतं. त्याला एवढंच हवं होतं, की या छपराखाली आडवं व्हावं आणि कुणी उठ म्हणू नये. पण खोऱ्यात पाणचक्की एकच, ती उराया शेरिलची, आणि उरायाकाकाने जाहीर करून टाकलं होतं की निळा कोट घातलेल्याचा मका आपल्या जात्यात पडणार नाही. त्याने कुणाला वाळीत टाकलं की खोरं टाकायचं. त्याचा एकुलता मुलगा जेथ्रो लढाईतून आला नव्हता. उत्तरेच्या बंदीछावणीत मान न वाकवता तो मेला, असं म्हातारा सगळ्यांना सांगत असे. खरं काय ते त्या खोऱ्यात एकट्या एनॉकला ठाऊक होतं.

छावणीत ते दोघे एकाच तंबूत होते. समुद्राकाठची वाळू, खारट विहिरी, रोज सकाळी गाडी भरून प्रेतं. मग एक अधिकारी आला. निळे कपडे घाला, शपथ घ्या, तुम्हाला तुमच्या माणसांवर गोळी झाडायला लावणार नाही, पश्चिमेला सरहद्दीवर पाठवू. एनॉकने शपथ घेतली. जेथ्रो दोन दिवस नाही म्हणाला. "माझा बाप उभा चिरेल मला," म्हणाला. एनॉक त्याच्या मागे लागला, "अरे, बाप चिरायला तरी जिवंत राहशील. पोटभर खायला मिळेल, चल." तिसऱ्या दिवशी जेथ्रो रांगेत त्याच्या मागे उभा होता.

पोटभर मिळालं ते खारवलेलं डुकराचं मांस आणि दात मोडणारी बिस्किटं. मिझुरीच्या वरच्या अंगाला ओल्या लाकडांचा किल्ला, चहूकडे सपाट बर्फ, आणि लाकूड तोडायला गेलं की टेकडीवर तिथल्या लकोटा जमातीचे घोडेस्वार. ती जमीन त्यांची, हे उघड होतं. आपलं त्यांच्याशी भांडण काय, हे मात्र कुणी सांगितलं नाही. पण लकोटांनी मारले त्यापेक्षा जास्त त्या जेवणाने मारले. हिरव्या पानाचा मागमूस नाही, हिरड्या सुजून काळ्या पडायच्या, जुन्या जखमा आपोआप उघडायच्या. जेथ्रो मार्चमध्ये गेला. दोन दिवस जाळ करून जमीन मऊ केली तेव्हा कुठे खड्डा झाला. आणि दोनच आठवड्यांनी नदीकाठी रानकांदा उगवला. ज्यांनी तो खाल्ला ते वाचले. एनॉकनेही खाल्ला. प्रत्येक घासाला त्याला रडू येत होतं, आणि तरी तो हावऱ्यासारखा खात होता.

एनॉक परतल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी शेरिल नवराबायको दारात आली. म्हातारा अंगणातच थांबला, काठीवर रेलून. टॅबिथाकाकू आत आली. खोऱ्यातली कापडं विणावीत आणि रंगवावीत तर तिने. जेथ्रोचा राखाडी कोट तिच्याच मागावरचा होता.

"बस, एनॉक. उठू नकोस. फार वाळलास रे." तिने त्याच्या बाहीवर हात ठेवला. "जेथ्रोजवळ कोण होतं?"

"मी होतो, काकू. शेवटपर्यंत मीच होतो."

"त्याच तंबूत?"

"हो. जिथं मी, तिथं तो."

टॅबिथाकाकूचा हात बाहीवरून सरकला आणि थांबला. तिने बाही उजेडात धरली, उलटी केली, आतली शिवण अंगठ्याने उसवून पाहिली. एनॉकनेही तेव्हा पहिल्यांदा नीट पाहिलं. कोट तपकिरी नव्हताच. तो शेवाळल्या काळपट रंगाचा झाला होता, आणि शिवणीच्या पोटात जिथे रंग पोचला नव्हता, तिथे लख्ख निळा होता. त्याने ड्रुसिलाकडे पाहिलं. ती चुलीकडे तोंड करून उभी होती. तिला कालच कळलं होतं, छातीवर डोकं टेकलं तेव्हाच.

बाहेरून उरायाकाका ओरडला, "विचारलंस का? वाकला नाही ना माझा पोरगा?"

एनॉकच्या मनात आलं, सांगून टाकावं. तुझ्या पोरानेही हाच कोट घातला होता, मग माझं कोठार का जाळाल? घर वाचवायला एवढं एकच वाक्य पुरे होतं. पण सांगायला निघालं की पुढचं वाक्य यायचंच, की त्याला रांगेत मी उभं केलं. काकू त्याच्या तोंडाकडे बघत होती. हिशेब तिचा तिनेच पुरा केला असावा. जिथं मी, तिथं तो.

"मी नेलं त्याला, काकू," एनॉक शेवटी पुटपुटला. "तो नाही म्हणत होता."

टॅबिथाकाकूने डोळे मिटले. उघडले तेव्हा ती एकदम फार म्हातारी दिसली.

"कुठं नेलंस?"

"लांब. वर, नदीच्या वर."

"थंडी होती?"

"फार."

"आणि त्याच्या अंगात हा असला कोट होता?"

"हो."

"पुरला तेव्हासुद्धा?"

"तेव्हासुद्धा. बटणं मी लावली."

काकूने कोटाचं कापड चिमटीत धरून चोळलं. दाट, भरीव लोकर. लढाईच्या शेवटी तिच्या मागावर असलं काही निघत नव्हतं, सूतच नव्हतं.

"मी दिलेला फार विरळ होता रे," ती म्हणाली. "तीन वर्षं मला एकच घोर, पोराला थंडी वाजत असेल. बरं झालं. ऊब तरी होती."

मग तिने डोळे पुसले आणि बाहेर बघून आवाज चढवला, "नाही वाकला! आता ओरडू नका, कुत्री भुंकायला लागलीत!" म्हाताऱ्याने टोपी काढली आणि अंगणात तसाच उभा राहिला.

"काढ तो कोट," काकू एनॉकला म्हणाली. "निळ्यावर कधी तपकिरी चढतं का, गाढवा? गंजलेले खिळे घालून पुन्हा उकळते. काळाभोर होईल. दुखवट्याच्या काळ्याला या खोऱ्यात आता कुणी काही विचारत नाही."

एनॉकने कोट काढून दिला. तिने तो घडी घालून, निळी शिवण आत दाबून, पोटाशी धरला आणि अंगणात नवऱ्याच्या अगदी जवळून घेऊन गेली.