मैत्रीचे तीन रकाने

उमाकांत मिरजकरांनी एकतीस वर्षं सरकारी कारखान्यात विमानाचे सुटे भाग तपासले. निवृत्तीनंतर माणसं बागकाम करतात, नातवंडं सांभाळतात. यांनी ग्रीक तत्त्वज्ञान काढलं. बंगळुरात, मारतहळ्ळीतल्या फ्लॅटमध्ये पुस्तकांचे ढीग लागले. आधी एम.ए. झालं, मग पीएच.डी. सुरू झाली. विषय, प्राचीन ग्रीकांची मैत्रीची कल्पना. "जन्मात एका मित्राला आपणहून फोन केला नाही, आणि मैत्रीवर तीनशे पानं," असं त्यांची बायको विद्या आल्यागेल्याला सांगायची.

ग्रीकांच्या मते मैत्री तीन प्रकारची: उपयोगाची, मजेची आणि चांगुलपणाची. उपयोग संपला की पहिली संपते, मजा संपली की दुसरी. टिकते ती तिसरीच. दुसऱ्या कुणी एवढं वाचून पुस्तक मिटलं असतं. पण हा पडला तपासनीस. उमाकांतनी तीन रकाने आखले आणि स्वतःच्या सतरा मित्रांना त्यांत बसवून टाकलं. तिसरा रकाना कोराच राहिला, तर आपली कसोटी किती कडक आहे याचा त्यांना वर अभिमान वाटला. तो तक्ता त्यांनी प्रबंधाला जोडला.

पहिल्या रकान्यात पहिलं नाव नागनाथचं. नागनाथ निपाणीकडचा, कारखान्यात त्यांच्या शेजारच्या टेबलावरचा. उमाकांतना गाडी चालवता येत नाही, म्हणून रोज सकाळी सातला गाडी काढून तो त्यांना शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, विद्यापीठात सोडायचा. "मला तिकडं कामच असतंय की अण्णा," म्हणायचा. तोंडी परीक्षेला तीन आठवडे असताना उमाकांत प्रबंधाची फाइल त्याच्या गाडीत विसरले. संध्याकाळी नागनाथने ती आणून विद्याच्या हातात दिली आणि चहा न घेताच गेला. दुसऱ्या दिवशी गाडी आली नाही. फोनही त्याने उचलला नाही.

"तक्ता वाचला असणार त्यांनी," विद्या म्हणाली. "आणि तिकडे त्यांचं कसलं काम? तुम्हाला सोडून तसेच घरी परत यायचे. त्यांच्या बायकोने, शिवलीलाने, मला कधीच सांगितलंय. तुम्ही कधी विचारलंत?"

उमाकांतचं तोंड एवढंसं झालं. दोनदा ते नागनाथच्या दारापर्यंत जाऊन परत आले. माफी मागायची सवय नव्हती. तीस वर्षांचा मित्र आपण आपल्या हाताने घालवला, हे त्यांना आतून खात होतं.

पीएच.डी.ची तोंडी परीक्षा खुली असते. कुणीही येऊन बसावं, प्रश्न विचारावा. परीक्षकांचं विचारून झालं, मार्गदर्शक नीरजा मॅडमनी श्रोत्यांकडे पाहिलं, आणि शेवटच्या रांगेतून नागनाथ उठला. अंगात कडक इस्त्रीचा शर्ट, तोंडी कारखान्यातलं इंग्रजी.

"सर," तो म्हणाला. एवढ्या वर्षांत त्याने त्यांना सर म्हटलं नव्हतं. "उपयोगाचा मित्र यायचा बंद झाला, तर काय होतं?"

उत्तर प्रबंधातच होतं. ते वाचून दाखवलं असतं तर पदवी खिशात होती.

"प्रबंध म्हणतो, फारसं काही होत नाही. दुसरी सोय करायची," उमाकांत म्हणाले. "मी केली. तीन आठवडे बसने येतोय. म्हणजे उपयोग संपला. तरी रोज सातला मी गॅलरीत जाऊन रस्त्याकडे बघत उभा राहतो, आणि माझी एक बस चुकते." ते घोटभर पाणी प्यायले. "त्या मित्राला मी चुकीच्या रकान्यात घातलं. ग्रीक बरोबर आहेत. तपासनीस चुकला."

बाहेरगावाहून आलेले परीक्षक म्हणाले, मग तो तक्ता दुरुस्त करून द्यावा लागेल. उमाकांतनी मान डोलावली, पण त्यांचं लक्ष शेवटच्या रांगेकडे होतं.

नागनाथ अजून उभाच होता.

"सरी," तो आधी कानडीत म्हणाला, म्हणजे 'बरं', आणि मग सगळ्यांसमोर सरळ मराठीत, "मी पण रोज सातला खाली जाऊन गाडी सुरू करतोय, अण्णा. थोडा वेळ बसतोय, अन् बंद करून वर येतोय."