वाढवून घेतलेली रजा

मंठ्यापासून अकरा किलोमीटरवर एका वस्तीत जिल्हा परिषदेची शाळा आहे. चार वर्ग, त्रेचाळीस पोरं आणि दोनच शिक्षक, सर्जेराव सर आणि बेबीनंदा मॅडम. सर नोकरीत सात वर्षांनी जुने, म्हणून मुख्याध्यापकाचा कारभार त्यांच्याकडं. अशा शाळेत दोघांनी एकदम आजारी पडायची सोय नसते. एक घरी बसला की दुसऱ्यानं पहिली ते चौथी एकाच व्हरांड्यात बसवायची, खिचडीचे तांदूळ काढून द्यायचे, मोबाईलवर माहिती भरायची आणि संध्याकाळी बसलेला घसा घेऊन घरी जायचं.

नोव्हेंबरच्या शेवटी सरांच्या पोटात कळा सुरू झाल्या. पित्ताशयात खडे निघाले. जालन्याला ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी महिनाभर विश्रांती लिहून दिली. हे सगळं खरं होतं. पुढं सर स्वतःच्या मनाशी वाद घालायला बसले की नेहमी इथूनच सुरुवात करत. ऑपरेशन खरं होतं, टाके खरे होते, महिनाभराची रजाही खरी होती.

डिसेंबर सरता सरता सर ठणठणीत झाले. बाजारातून दोन्ही हातांत पिशव्या घेऊन येऊ लागले. पण नेमकं तेव्हाच मंठ्यातल्या त्यांच्या प्लॉटवर घराचं काम स्लॅबपर्यंत आलं होतं, आणि समोर मालक उभा नसला की गवंडी अर्धा दिवस बिडी ओढण्यात घालवायचा. बायको उषा म्हणाली, "आजून थोडी वाढवून घ्या की रजा. तुमच्याच हक्काची हाय."

सरांना ते पटलं. रजा खात्यावर नुसती पडून होती. ओळखीच्या डॉक्टरांनी चहा पिता पिता लिहून दिलं, अशक्तपणा आहे, आणखी पंचवीस दिवस विश्रांती आवश्यक.

चार जानेवारीला मॅडमचा फोन आला. सर तेव्हा प्लॉटवर सळया उतरवून घेत होते.

"सर, नऊ तारखेला एक दिवस रजा पाहिजे व्हती. संभाजीनगरला जायचंय."

"काय काम काढलं, मॅडम?"

"घरचंच हाय, सर."

"मंग जरा दम धरा ना. शाळा बंद दिसली की गावातले लोक कुलपाचा फोटो काढून वर पाठवतेत. मी हजर झालो की बिनधास्त घ्या."

"बराबर हाय, सर. तुम्ही तब्येत सांभाळा."

ते शेवटचं वाक्य ऐकून सरांना कसंनुसं झालं. पण तेवढ्यात गवंड्यानं हाक मारली.

सोळा तारखेला मॅडमनी परत फोन केला. या वेळी एकोणीस तारखेची रजा हवी होती. "आता किती दिवस राह्यले, मॅडम? आठ-दहा," सर म्हणाले. केंद्रप्रमुख बद्रीनाथ सरांना एक फोन लावला असता तर शेजारच्या शाळेतला एखादा शिक्षक दिवसभरासाठी मिळाला असता. पण बद्रीनाथ सर आधी विचारणार, तब्येत कशी आहे? मग खोटं बोलावं लागणार. ते खोटं टाळायला सरांनी फोनच टाळला.

सत्तावीस जानेवारीला सर शाळेत हजर झाले. मॅडम ओळखू येणार नाहीत इतक्या उतरल्या होत्या. खिचडी शिजवणाऱ्या तुळजाबाई चुलीपाशी हळूच म्हणाल्या, "लई वढलं हो मॅडमनं. दोनदा चक्कर आल्ती. मला म्हणल्या, सरांना फोन करू नको, ते आजारी हायत."

त्याच आठवड्यात मॅडम दोन दिवसांची रजा घेऊन संभाजीनगरला गेल्या, त्या परत आल्याच नाहीत. आठ-नऊ दिवसांनी त्यांची मुलगी प्रीती शाळेत आली. मॅडमचे यजमान जाऊन सहा वर्षं झाली होती. घरात ह्या दोघीच. प्रीती नर्सिंगला शिकत होती. तिनं टेबलावर दवाखान्याचे कागद आणि मोठ्या रजेचा अर्ज ठेवला.

"आईच्या छातीत गाठ हाय, सर. कॅन्सर निघाला. अर्ज पुढं पाठवायला तुमची सही पाहिजे."

सरांनी कागद हातात घेतला. वरच लिहिलं होतं, गाठीच्या तपासणीसाठी बोलावले, नऊ जानेवारी, रुग्ण आली नाही. खाली एकोणीस जानेवारी, रुग्ण आली नाही. एकोणीसला काय चाललं होतं हे सरांना आठवावं लागलं नाही. त्या दिवशी घराचा स्लॅब टाकला होता. त्यांनी स्वतः पेढे वाटले होते.

"डॉक्टर काय म्हणले?"

"काखेपर्यंत गेलंय म्हणले. लवकर यायला पाहिजे व्हतं."

"वीस-पंचवीस दिवसांनी फरक पडला असता का गं?"

प्रीतीनं मान हलवली. "तसं कुणी सांगत न्हाई, सर."

सरांनी सही केली. दुपारी तिसरीची पोरं पाढे म्हणत होती. बाराचा पाढा मधेच चुकला तरी सरांना कळलं नाही. वीस दिवसांनी फरक पडला असता, असं कुणी म्हणालं असतं तर निदान शिक्षा तरी कळली असती. पडला नसता म्हणालं असतं तर सुटका झाली असती. आता दोन्ही नाही.

सरांच्या हातात होतं तेवढं ते करत राहिले. पंचायत समितीत गेले तेव्हा साहेब म्हणाले, रिकामा शिक्षक नाही. सर दुसऱ्या दिवशी गेले, तिसऱ्या दिवशीही जाऊन बाकावर बसले. शेवटी आठवड्यातून तीन दिवस एक शिक्षक मिळाला. मॅडमच्या रजेचे सगळे कागद सरांनी स्वतः नेऊन दिले, म्हणजे ऑफिसातून कुणी त्यांना घरी फोन करून 'कधी हजर होता' असं विचारणार नाही. उषा एकदा म्हणाली, "सख्ख्या बहिणीसाठी बी कुणी एवढं करत न्हाई." पुढं उन्हाळ्यात नव्या घराची वास्तुशांत झाली, तेव्हा पाहुण्यांना खोल्या दाखवायला त्यांनी उषालाच पुढं केलं.

मार्चमध्ये, दुसरी केमो झाल्यावर, सर मॅडमना बघायला गेले. मॅडम डोक्याला रुमाल बांधून पलंगावर बसल्या होत्या. पोरांची चौकशी झाली. मग सरांनी खाली बघत सांगून टाकलं.

"मॅडम, शेवटचे पंचवीस दिवस मी आजारी नव्हतो. घराचं काम करून राह्यल्तो."

"माहीत हाय, सर."

सरांनी वर बघितलं.

"उषावहिनींनी स्टेटसला फोटो ठेवला व्हता. तुम्ही घमेलं घेऊन उभे."

"मंग तेव्हाच का न्हाई बोललात?"

"काय बोलू? माझ्या रजेवर सही तुमची. अन् दुखणं असलं, की गड्यामाणसापुढं नाव काढायची बी लाज." मॅडमनी डोक्यावरचा रुमाल सारखा केला. "खरं सांगू का? तारीख पुढं गेली की मला बी हायसं वाटायचं. काय निघतंय याची भीती. शाळेचं कारण बरं सापडलं व्हतं."

क्षणभर सरांना वाटलं, हा धागा धरावा आणि निघून जावं. पण तोंडातून निघालं, "भीती तुमची असंल, मॅडम. पण न्हाई मी म्हणलो."

"व्हय," मॅडम म्हणाल्या. "म्हणलात."

प्रीतीला त्यांनी चहा टाकायला सांगितला, आणि तो पिऊन सर निघाले.

मॅडमचं ऑपरेशन झालं, किरणं झाली. शेवटचे दोन महिने रजा बिनपगारी गेली. दिवाळीची सुट्टी संपली त्या दिवशी मॅडम शाळेत हजर झाल्या. उजवा हात फार वर जात नव्हता, म्हणून सरांनी फळा भिंतीवर एक वीत खाली आणून ठोकला. दर तीन महिन्यांनी मॅडमना तपासणीला जावं लागतं. त्याच्या आदल्या आठवड्यातच सर शेजारच्या शाळेतून शिक्षक मागून ठेवतात. मॅडमही आता अर्जात आजाराचं नाव स्वच्छ अक्षरात लिहितात.

परवा फेब्रुवारीत सरांना ताप भरला. तरी ते शाळेत आले आणि खुर्चीत अंग आवळून हजेरी घेऊ लागले. मॅडमनी त्यांच्या हातातलं हजेरीपत्रक काढून घेतलं.

"घरी जा, सर. मी हाय ना."

"एवढं काही न्हाई, मॅडम."

"अंग तापलंय तुमचं. जा म्हणते ना."

सर घरी गेले. नव्या घरात, पांघरूण घेऊन, भर दुपारी पडून राहिले. ताप खरा होता. एकशे दोनवर पारा उषानं दोनदा दाखवला. तरी दर पंधरा मिनिटांनी ते घड्याळाकडं बघत होते. आता मॅडम चारही वर्ग घेऊन बसल्या असतील. आता खिचडी वाटत असतील. तीन वाजता त्यांनी शाळेत फोन लावला.

"ठीक चाललंय ना, मॅडम?"

"ठीक हाय. तुम्ही झोपा."

झोप आली नाही.