देवाच्या सैन्यातले माझे दोड्डप्पा

औषधं घेऊन मी हुबळीत, उणकलच्या आमच्या गल्लीत शिरले आणि कुत्री भुंकली. दुसऱ्या गल्लीत कुणी मान वर करून पाहिलं नसतं, पण आमच्या गल्लीतली कुत्री भुंकत नसत. दोड्डप्पा, म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ, ओट्यावर बसले की ती समोर येऊन बसत, जबडे मिटून, त्यांच्याकडे बघत. नव्या घरांच्या कामावर आलेले गवंडी विचारत, “ह्या कुत्र्यांना आवाज न्हाई काय हो?” त्या दुपारी त्यांना आवाज फुटला होता. मी धावत घरात गेले. आई दोड्डप्पांच्या उशाशी बसली होती. तिनं नुसती मान हलवली… मी वडिलांच्या चळवळीच्या पत्रकांवर वाढलेली मुलगी. असल्या गोष्टीला मी योगायोग म्हणते, आजही म्हणते. पण त्याला आता काही आठवडे झाले, कुत्री अजून भुंकतायत, आणि दोड्डप्पांबद्दल लिहायचं तर मला इथूनच सुरुवात करावी लागते.

त्यांचा जन्म अळणावरच्या बाजूला, जंगलाला लागून असलेल्या एका खेड्यात झाला. आधीची दोन मुलं दगावली होती, म्हणून माझ्या आजीनं नवस केला: हा जगला तर मैलाराला सोडीन. मैलार म्हणजे आपला खंडोबा. घोड्यावर बसलेला, हातात खड्ग, टापांखाली मणी आणि मल्ल हे दैत्य, आणि घोड्याच्या पायाशी कुत्रा. दैत्यांवर चालून जाताना देवाबरोबर सात कोटींचं सैन्य होतं, असं गावात सांगतात. त्या सैन्यात भरती म्हणून मुलं सोडायची. त्यांना काळी घोंगडी द्यायची, गळ्यात भंडाऱ्याची पिशवी घालायची, आणि सणाला, जत्रेला त्यांच्यासाठी दोणी भरायची. दोणी म्हणजे लाकडाचा खोलगट कटोरा. त्यात दूध, केळी, गूळ, भात कालवून तो जमिनीवर ठेवायचा, आणि देवाच्या या शिपायांनी गुडघ्यांवर रांगत, भुंकत, एकमेकांना ढकलत त्यात तोंड घालायचं. बघणाऱ्यांनी हात जोडायचे. शिपाई म्हणून भरती आणि कुत्रा म्हणून पोटाला… माझे वडील, अप्पा, हे वाक्य सभेत म्हणत, तेव्हा त्यांच्या मानेच्या शिरा फुगत.

छप्पन सालानंतर दीक्षेचं वारं आमच्या लोकांपर्यंत पोचलं. तेव्हा दोड्डप्पांना नुकतं मिसरूड फुटलं होतं. त्यांनी घोंगडी आणि पिशवी गावच्या तळ्यात टाकली, मैलारी हे नाव टाकून आनंद हे नाव घेतलं आणि हुबळी गाठली. लेथ शिकले. पुढं तारिहाळच्या एका कारखान्यात पार निवृत्तीपर्यंत लोखंड कातत राहिले. अप्पा त्यांच्याहून खूप धाकटे. अप्पांनी थोरल्या भावाच्या बालपणावर पत्रक लिहिलं, ‘देवाचा कुत्रा की आईचा लेक?’ मी अक्षरं शिकले ती त्या पत्रकावर. अप्पांनी ते पहिल्यांदा वाचून दाखवलं तेव्हा दोड्डप्पा म्हणाले होते म्हणे, “बरोबर लिवलास. पण अर्धं लिवलास.” उरलेलं अर्धं कुठलं, ते अप्पा जाईपर्यंत त्यांनी सांगितलं नाही. मी पुढं खोदून विचारलं तर म्हणाले, “ते माझं हाय. छापायचं न्हाई.”

मला ते पत्रकवाली म्हणत. कॉलेजात असताना मी नवं काही वाचून आले आणि त्यांना सुनावलं की मणी आणि मल्ल हे दैत्य नव्हतेच, ते आपले राजे होते, जिंकणाऱ्यांनी त्यांना दैत्य केलं. दोड्डप्पा शेंगा फोडत होते. “राजं होते? बरं झालं. मग घोडा देवाला गेला, मुकुट ह्यांना गेला. माझ्या वाटणीला काय आलं गं पत्रकवाली? चित्रात कुत्र्याची जागा तेवढी मोकळी होती, तिथं मला बसवलं.” त्यांनी सोललेल्या शेंगा माझ्या हातावर ठेवल्या. “मला राजा करू नको. माणूस हाय तेवढं ऱ्हाऊ दे.”

हेच त्यांनी वेगळ्या शब्दांत पुन्हा एकदा म्हटलं, ते उणकलच्या तळ्याकाठी. विस्मरणाचा आजार डॉक्टरांनी नुकताच सांगितला होता. नवी आठवण आधी जाईल, सगळ्यात जुनी सगळ्यात शेवटी, असं डॉक्टर म्हणाले होते, आणि त्या वाक्याचा अर्थ आमच्यात दोड्डप्पांनाच कळला होता. ते पाण्याकडं बघत म्हणाले, “डोकं चाललंय माझं. पार गेलं की गावाकडनं येतील. गळ्यात पिशवी घालतील, देवानं आपला कुत्रा परत बोलावला म्हणतील. घालू देऊ नको. मी माणूस म्हणून मरणार.” मी शब्द दिला. तेव्हा तो मला सोपा वाटला होता.

आधी माझं नाव गेलं, मग लेथ गेला, मग आनंद हे नाव गेलं. हाक मारली तर ते मागं वळून बघत, दुसऱ्या कुणाला बोलावलंय असं वाटून. आणि एका दुपारी मी त्यांच्यापुढं ताट ठेवलं तेव्हा ते भुंकले. कुणी नक्कल करतं तसं नव्हतं ते. नक्कल करणाऱ्याचा चेहरा माणसाचा राहतो. हा आवाज पोटातून आला, जाडा, दात आवळलेला, आणि थांबला तेव्हा बाहेर गल्लीतली कुत्री उभी होती, एकही हलत नव्हतं. घरात भंडाऱ्याची चिमूटभर पूड नाही, कधी नव्हती, तरी मला हळदीचा कोरडा वास आला… आई म्हणाली, तिलाही आला. शेजारच्या नीलव्वाक्का ओल्या हातांनी धावत आल्या आणि उंबऱ्यातच हात जोडून उभ्या राहिल्या. “देवरु बंदान री,” त्या पुटपुटल्या. देव आलाय.

“देव नाही आला अक्का, आजार आलाय,” मी म्हटलं.

“आजारच गं. पण पाठवला कुणी?”

रोज जेवणाच्या वेळी हेच होऊ लागलं. ताट समोर आलं की भुंकायचं आणि तोंड मिटायचं. आई चमचा ओठाला लावी, ते मान फिरवत. अंग वाळत चाललं. बातमी गावाला पोचली आणि त्यांची बहीण आली, माझी गंगाअत्ती, ऐंशीला टेकलेली, कमरेत वाकलेली. तिनं पिशवीतून दोन वस्तू काढल्या. एक भंडाऱ्याची नवी कोरी थैली. दुसरी दोणी, काळी पडलेली, कड झिजलेली. त्यांचीच दोणी. सगळं तळ्यात गेलं त्या दिवशी अत्तीनं ती लपवली होती.

मी दारात आडवी उभी राहिले. “थैली आत येणार नाही अत्ती. मी शब्द दिलाय.”

“तुझा शब्द मोठा का माणसाचा जीव? उपाशी मारतीस त्याला? पत्रकं खाऊ घालणार?”

“कुत्रा म्हणून जगवायचं नाही त्यांना.”

“अगं, हे माझ्यामुळं झालंय!” ती ओरडली आणि उंबऱ्यावरच बसली. “देवाचं मी खाल्लंय. त्यानं न्हाई, मी.”

मग पत्रकात नसलेलं ते अर्धं बाहेर आलं. त्या वर्षांत घरात चूल पेटत नसे. नवसाला सोडलेल्या पोराची दोणी मात्र भरली जाई. धाकटी गंगी त्यांच्या घोंगडीत शिरून बसे. मोठी माणसं दोणी ओढायला आली की ते तिच्यावर पसरत आणि असे भुंकत की कुणी हात घालायला धजत नसे. लोक म्हणत, पोरात देव जागृत हाय. आणि घोंगडीखाली गंगी जेवत असे. मुलीनं देवाच्या दोणीला हात लावला हे कळलं असतं तर दोघांना झोडपलं असतं, म्हणून कुणीच कधी बोललं नाही. “तो भुंकला की मी खायाचं,” अत्ती म्हणाली, “एवढंच मला ठावं. माझं झालं की मग ह्यो तोंड घालायचा. देवानं इतक्या वर्षांनी हिशेब काढला बग.”

मी थैली माझ्याकडं काढून घेतली. दोणी आत जाऊ दिली. आईनं तिच्यात दूध-भात कालवला. दोड्डप्पा भुंकले. ते आता रांगत येऊन तोंड घालतील आणि माझा शब्द माझ्या डोळ्यांदेखत मोडेल असं मला वाटलं. त्यांनी तोंड घातलं नाही. हाताच्या उलट्या बाजूनं दोणी अत्तीकडं सरकवली आणि आमच्याकडं, आईकडं आणि माझ्याकडं, दात दाखवून बघत राहिले. त्यांच्या लेखी आम्ही दोणी ओढायला आलेली मोठी माणसं होतो. अत्ती पुढं सरकली, तिनं घास घेतला, दुसरा घेतला. दोड्डप्पांचा जबडा सैल पडला. मग मी त्यांचं ताट पुढं केलं, आणि ते बोटांनी, माणसासारखे, शांतपणे जेवले.

नीलव्वाक्कांनी त्यातही देव पाहिला. मी मात्र अप्पांच्या पत्रकाबद्दल विचार करत होते. आम्ही इतकी वर्षं सभांतून सांगितलं की त्या पोराला कुत्रा केलं. त्या पोरातल्या भावाला कुत्रा करता आलंच नव्हतं, हे आम्हाला ठाऊक नव्हतं.

त्यानंतर ते गेले त्या दिवसापर्यंत रोज तसंच झालं: आधी ते भुंकत, मग अत्ती खाई, मग ते. गळ्यात काही न घालता ते गेले. मी कुणाला घालू दिलं नाही, आणि अत्तीनंही थैलीचा विषय काढला नाही.

अत्ती आता आमच्याकडंच असते. देवाचं नाव घेते, मी वाद घालते, ती मला पत्रकवाली म्हणायला शिकलीय. पण जेवायला बसली की तिचा हात भातावर थांबतो. ती वाट बघते. आई म्हणते, जेवा वन्सं, ती हो म्हणते आणि हात तसाच. कधी कधी मलाही वाटतं की आतल्या खोलीतून, रिकाम्या खाटेवरून, आता आवाज येईल, आणि मानेवरचे केस उभे राहतात… परवा भात पार गार झाला. तिनं ताट सरकवलं, म्हणाली, “भूक न्हाई गं.” आदल्या दिवशीही न्हाई म्हणाली होती.

मी उठले, दार लावलं, खिडकी लावली. तिच्यासमोर बसले. आणि भुंकले.

अत्तीनं माझ्याकडं पाहिलं नाही. तिनं मान खाली घातली आणि घास घेतला.