भाताच्या शितांनी चिकटवलेलं पुस्तक

आटगावजवळच्या एका पाड्यावर मी अंगणवाडी चालवते. गोष्टींची पुस्तकं कपाटात कुलपात असतात. मुलं फाडतात आणि तपासणीला उत्तर मला द्यावं लागतं. म्हणून रोज एक काढायचं, मोठ्याने वाचून दाखवायचं, परत कुलूप.

गेल्या आठवड्यात चार वर्षांची जयू कोंबडीच्या गोष्टीचं पुस्तक सोडेचना. रडायला लागली, म्हणून घरी नेऊ दिलं.

आज सकाळी तिची आई पुस्तक पदराखाली धरून दारात उभी. "बाई, फाटलं ओ. शितांनी चिकटवलंय. आता दुसरं देनार नाय ना?"

कोंबडीचं पान मधोमध फाटलेलं, त्यावर भाताची शितं वाळलेली. कसं फाटलं, मी विचारलं.

"मी अडखळत वाचते ना. हिला न हिच्या भावाला दम निघत नाय. पुढं काय झालं म्हणून दोघं पान वढतात."

मी कपाटातून दुसरं पुस्तक काढून तिच्या हातात दिलं. बाकीची सगळी अजून कोरी करकरीत आहेत. आज पहिल्यांदाच त्यांच्याकडे बघून वाईट वाटलं.

पुढच्या तपासणीला हे फाटकं पुस्तक सगळ्यात वर ठेवणार आहे. तुम्ही काय केलं असतं?